प्रश्न तुमचे : कॉलेजातले गणित नेमके कुठून सुरू करायचे?

बारावीचे निकाल लागून महिनाभर उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गणिताचा विषय हटकून निघतो. कोणत्या अभ्यासक्रमाला आधी कोणते गणित झालेले लागते, ते झालेले नसेल तर वाट बंद होते का, आणि पदवी हातात पडेपर्यंत गणित किती करावे लागते, असे हे प्रश्न असतात. यंदा आलेल्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावांच्या जागी आद्याक्षरे ठेवली आहेत.

*

आदरणीय मॅडम, माझ्या मुलाला सीबीएसईच्या बारावीत गणितात ९१ गुण मिळाले. अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. प्रवेशानंतर घरूनच संगणकावर गणिताच्या कोणत्या वर्गात बसवायचे ते ठरवणारी एक प्लेसमेंट परीक्षा द्यायला सांगितली होती. प्रश्न सोपे-अवघड होत जात होते आणि उत्तरे स्वतः टाइप करायची होती. तिच्यात त्याला १०० पैकी ५८ मिळाले, आणि आता पहिल्या सत्रात कॅल्क्युलसऐवजी प्रीकॅल्क्युलस, म्हणजे त्याच्या आधीचे तयारीचे गणित, घ्या असे कळवले आहे. न्यू जर्सीला असलेला त्याचा आत्येभाऊ म्हणतो की परीक्षा पुन्हा देता येते, शेजारी कुणी जाणकार बसवून देऊन टाक. आमच्या यांचे म्हणणे, बोर्डाची मार्कशीट पाठवून विद्यापीठाशी भांडावे. मुलगा मात्र गप्प गप्प झाला आहे. काय करावे? – सौ. वि. क., दांडिया बाजार

सौ. वि. क., आधी त्या ५८ चा अर्थ लावू, कारण घरातली बरीचशी काळजी त्या आकड्याला परीक्षेचे गुण समजल्यामुळे आलेली दिसते. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही ॲलेक्स नावाची परीक्षा असावी. तिच्यात जास्तीत जास्त ३० प्रश्न असतात आणि प्रत्येक पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरावरून ठरतो. शेवटी येणारा आकडा, तिच्या विषययादीतला साधारण किती भाग विद्यार्थ्याला पक्का येतो, एवढेच सांगतो. तिच्यात पास-नापास नसते. कॅल्क्युलसच्या वर्गात बसायला किती आकडा लागतो हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते आणि अनेक ठिकाणी ती रेषा सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान असते.

आता ९१ गुणांचा मुलगा ५८ वर कसा थांबला? सीबीएसई बारावीच्या गणिताच्या ८० गुणांच्या लेखी पेपरात ३५ गुण एकट्या कॅल्क्युलसचे असतात. सीमा, सातत्य, विकलन, संकलन, डिफरन्शियल इक्वेशन्स यांवर मुले वर्षभर घासून मेहनत करतात आणि ते गुण मिळवतात. प्लेसमेंट परीक्षा मात्र कॅल्क्युलसच्या दारापर्यंतचेच गणित तपासते. अपूर्णांकातली बीजगणिती पदे, वर्गमुळे, घातांक, लॉगरिदम, फलांचे आलेख, त्रिकोणमितीची सूत्रे असा तिचा आवाका आहे. म्हणजे तुमच्या मुलाचा जो भाग सर्वांत तयार होता, त्याबद्दल त्याला कुणी विचारलेच नाही. लॉगरिदमची गोष्ट तर विशेष सांगण्यासारखी आहे, कारण एनसीईआरटीच्या नववी-दहावीच्या पुस्तकांत त्यावर धडा नाही आणि बारावीत विकलनाच्या प्रकरणात ते ओघात येऊन जाते. त्रिकोणमितीचा मोठा भाग अकरावीत असतो, आणि बोर्डाची परीक्षा नसल्यामुळे अकरावीचे वर्ष आपल्याकडे किती घरांत मनापासून अभ्यासले जाते ते आपण सगळेच जाणतो.

हा भाग कच्चा राहिला तर पुढे काय होते, याचे एक उदाहरण देते. क्ष मध्ये ४ मिळवून त्याचे वर्गमूळ घ्या, त्यातून २ वजा करा आणि आलेल्या पदाला क्ष ने भागा. क्ष शून्याकडे जात असताना या पदाची सीमा काढायची आहे. थेट शून्य घातले तर वर-खाली दोन्हीकडे शून्य येते आणि गाडी अडते. मग अंश आणि छेद या दोहोंना ‘तेच वर्गमूळ अधिक २’ या पदाने गुणायचे. अंशात वर्गमूळ जाऊन नुसता क्ष उरतो, तो छेदातल्या क्ष बरोबर कटतो, आणि शून्य घातल्यावर उत्तर येते एक चतुर्थांश. या उदाहरणात कॅल्क्युलसची पायरी एकच आहे, अगदी शेवटची. बाकीचे सगळे नववी-दहावीचे बीजगणित आहे. कॅल्क्युलसच्या पहिल्या सत्रात अडखळणारी माझ्या पाहण्यातली बहुतेक मुले सीमेच्या कल्पनेपाशी अडत नसत, ती या मधल्या ओळींत अडत. बोर्डाच्या पेपरात हे झाकले जाते, कारण ठरावीक साच्याची उदाहरणे इतक्यांदा सोडवलेली असतात की हात आपोआप चालतो.

म्हणून शेजारी जाणकार बसवून परीक्षा देण्याच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. तो अप्रामाणिकपणा आहे हे तर झालेच, आणि बऱ्याच विद्यापीठांत पुढची फेरी देखरेखीखाली घेतली जाते, त्यामुळे उघडकीला येण्याचा धोकाही आहे. पण समजा उघडकीला आले नाही, तरी ऑगस्टच्या अखेरीस त्या वर्गात बसणार तुमचा मुलगा एकटा. पहिल्याच सत्रात श्रेणी घसरली तर ती सरासरीतून सहजी निघत नाही. विषय मध्येच सोडावा म्हटले तर विद्यार्थी-व्हिसावरील पदवीपूर्व विद्यार्थ्याला नियमित सत्रात किमान १२ क्रेडिट्स (पदवीसाठी अभ्यास मोजण्याचे एकक) ठेवावी लागतात, आणि त्याखाली जायचे तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची आधी परवानगी लागते. परदेशात, पहिल्या तीन महिन्यांत, एकट्या मुलावर ही वेळ आणू नये.

मार्कशीट पाठवून भांडण्यानेही फारसे साधणार नाही. अमेरिकेतील एपी किंवा आंतरराष्ट्रीय आयबीसारख्या शालेय परीक्षांतील गुणांवर अनेक अमेरिकी विद्यापीठे थेट क्रेडिट देतात. सीबीएसई बारावीला तसे देणारी विद्यापीठे थोडी आहेत. मात्र भांडण सोडून चौकशी जरूर करावी, आणि ती मुलाने स्वतः करावी. गणित विभागाच्या सल्लागाराला सौम्य भाषेत एक ईमेल लिहून, बारावीचा अभ्यासक्रम जोडून, त्याने विचारावे की पुन्हा परीक्षा केव्हा देता येईल, विभागाची स्वतःची वेगळी चाचणी आहे का, आणि कॅल्क्युलसच्या वर्गाला जोडून जादा मार्गदर्शनाचे तास असलेला एखादा गट आहे का. हा शेवटचा पर्याय अलीकडे पुष्कळ ठिकाणी निघाला आहे आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत तो कदाचित सर्वांत योग्य ठरेल.

दरम्यान त्याच्याकडे एक चांगले साधन आहे आणि घाबरल्यामुळे ते कुणी उघडून पाहिले नसावे. परीक्षेनंतर विषयवार अहवाल मिळतो आणि जो भाग कच्चा आहे त्याचाच सराव करून घेणारा भाग त्याच खात्यात खुला होतो. रोज दीड-दोन तास, तीन-चार आठवडे त्याने तो मनापासून करावा. बोर्डासारखा वहीत पूर्ण उत्तर लिहून सराव करावा, कारण टाइप केलेल्या उत्तरात टप्प्यांचे गुण नसतात. चिन्ह चुकले की सगळे उत्तर चुकले. शाब्दिक उदाहरणांत फूट, पौंड, फॅरनहाइट येतात, त्यांचीही सवय करावी. मग एकट्याने, शांतपणे पुन्हा परीक्षा द्यावी. आकडा रेषेच्या वर गेला तर कॅल्क्युलसमध्ये बसायला तो खरोखर तयार झालेला असेल.

नाही गेला, तर प्रीकॅल्क्युलस घ्यावे. त्याची किंमत मात्र आधीच नीट जाणून घ्या, कारण तुमची काळजी अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. इंजिनिअरिंगमध्ये गणिताचे विषय एकापुढे एक ओवलेले असतात. पहिला कॅल्क्युलस, दुसरा, तिसरा, मग डिफरन्शियल इक्वेशन्स. पुढच्या विषयाची नोंदणी करायची तर आधीच्यात बहुतेक ठिकाणी किमान ‘सी’ श्रेणी लागते, ती नसेल तर संगणक नोंदणीच करू देत नाही. शिवाय कॅल्क्युलसवर आधारलेले भौतिकशास्त्र पहिल्या कॅल्क्युलसच्या सोबत किंवा नंतर घ्यावे लागते आणि स्टॅटिक्स, डायनॅमिक्स हे मेकॅनिकलचे पायाभूत विषय त्या भौतिकशास्त्रावर अवलंबून असतात. गणित एक सत्र मागे गेले की हे सगळे मागे सरकते. प्रीकॅल्क्युलसची क्रेडिट्स गुणपत्रिकेत दिसतात, फीही भरावी लागते, पण इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी बहुधा ती मोजली जात नाहीत.

खालच्या वर्गापासून सुरुवात केलेल्या मुलांचे काय होते, यावर अमेरिकेतही बराच खल झाला आहे. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांत उजळणीच्या वर्गांत घातलेली पुष्कळ मुले पदवीच्या गणितापर्यंत पोहोचायच्या आतच गळतात, हे लक्षात आल्यावर त्या राज्याने २०१७ साली कायदा करून अशा वर्गांत मुलांना सरसकट ढकलण्यावर बंधने आणली. २०२२ च्या पुढच्या कायद्याने विज्ञान-इंजिनिअरिंगच्या मुलांना थेट कॅल्क्युलसकडे नेण्याचा आग्रह धरला, आणि त्यावर तिथल्या गणित-शिक्षकांत तीव्र मतभेद झाले. मला दोन्ही बाजू समजतात. दोन-तीन वर्ग मागे टाकलेला विद्यार्थी धीर सोडतो हे खरे आहे. एका सत्राने मागे असलेला, पण मेहनती विद्यार्थी मात्र ते सत्र भरून काढू शकतो. म्हणून सल्लागाराकडून प्रीकॅल्क्युलसपासून सुरू होणारा चार वर्षांचा आराखडा लेखी मागून घ्या. उन्हाळी सत्रात दुसरा कॅल्क्युलस करून गाडी रुळावर आणता येते का ते त्यात पाहा. उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात विषय करायचा झाला तर तो आपल्या विद्यापीठात धरला जाईल याची लेखी मान्यता आधी घ्या.

आणि मुलाशी बोला. त्याने ९१ गुण कष्टाने मिळवले आहेत, ते कुणी काढून घेतलेले नाहीत. गणितातला कोणता भाग आधी नीट करायचा एवढे त्याला जाण्याआधी दोन महिने कळले, हे त्याला घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकू द्या.

*

नमस्कार मॅडम. मी गुजरात बोर्डातून बारावी विज्ञान, बी ग्रुप, गुजराती माध्यमातून पास झाले. नीटमध्ये मेडिकलपुरते गुण नाहीत आणि पुन्हा वर्ष घालवायची इच्छा नाही. मला डेटा सायन्स शिकायचे आहे. पण बारावीला गणित नाही म्हटल्यावर दोन ठिकाणी अर्जच घेतला नाही. दहावीत गणितात मला चांगले गुण होते. माझे दार कायमचे बंद झाले का? – कु. श्रे. म., प्रतापनगर

श्रे., दार बंद झालेले नाही, पण कोणते दार उघडे आहे ते नीट पाहायला हवे. आपल्याकडे अकरावीलाच ए ग्रुप म्हणजे गणित आणि बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्र अशी फाळणी होते, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने घरच्यांच्या इच्छेने घेतलेला तो निर्णय पुढे इंजिनिअरिंगपासून बी.एस्सी. गणितापर्यंत सगळीकडे आडवा येतो. हे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे. दोन्ही विषय घेणारा एबी ग्रुप असतो, पण तो भार झेपणार नाही या भीतीने फार थोडी मुले तो घेतात.

पहिला मार्ग एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला तिथे केवळ गणित हा एकच विषय घेऊन परीक्षा देता येते. बारावीच्या स्तरावर त्या विषयाचा क्रमांक ३११ आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. उत्तीर्ण झाल्यावर त्या विषयाची स्वतंत्र गुणपत्रिका मिळते. पण फॉर्म भरण्याआधी, ज्या कॉलेजात तुला जायचे आहे तिथल्या प्रवेश कार्यालयाला लेखी विचार की मूळ बारावीची आणि ही वेगळी अशा दोन गुणपत्रिका एकत्र धरून ते पात्रता मानतात का. तोंडी ‘चालेल, चालेल’ वर विसंबू नकोस.

दुसरा मार्ग आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बी.एस. पदवीचा. डेटा सायन्सच्या त्या अभ्यासक्रमाला बारावी कोणत्याही शाखेची चालते. दहावीला गणित आणि इंग्रजी असले पाहिजे. प्रवेशाआधी चार आठवड्यांचा अभ्यास देतात आणि त्यावर पात्रता परीक्षा घेतात, म्हणजे बारावीत काय होते याऐवजी आत्ता काय येते ते पाहतात. पूर्ण पदवी १४२ क्रेडिट्सची आहे आणि पहिल्या ३२ क्रेडिट्सच्या पायाभूत स्तरात गणिताचे व संख्याशास्त्राचे विषय आहेत, त्यांतला पहिला झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही. मधल्या टप्प्यांवर थांबून प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा घेण्याचीही सोय आहे. परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्याव्या लागतात. घरात बसून सहज होणारी ही पदवी आहे असा समज करून घेऊ नकोस, बऱ्याच मुलांची पायाभूत स्तरावरच दमछाक होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या नियमांनीही थोडी मोकळीक दिली आहे. विषयाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास बारावीची शाखा कोणतीही असली तरी त्या विषयाच्या पदवीला प्रवेश देता यावा, अशी त्यात तरतूद आहे. तिचा उपयोग संबंधित विद्यापीठाने तशी व्यवस्था केली असेल तरच. म्हणून आपल्या राज्याच्या जीकॅस या सामाईक प्रवेशाच्या पोर्टलवर प्रत्येक अभ्यासक्रमापुढे दिलेली पात्रता स्वतः वाच, एजंटाने सांगितलेली नको.

कागदावरची पात्रता कशीही मिळाली तरी अकरावी-बारावीचे गणित तुला करावेच लागेल, हे मी तुझ्यापासून लपवून ठेवणार नाही. सगळे मात्र एकदम नको. फले आणि त्यांचे आलेख, श्रेढी, सरळ रेषा, सीमा आणि विकलन हे अकरावीच्या पुस्तकातून. मग बारावीतून मॅट्रिक्स, विकलनाचे उपयोग आणि संभाव्यता. डेटा सायन्सला सर्वांत जास्त लागते ती संभाव्यता आणि मॅट्रिक्स. शंकूच्छेद, त्रिमितीय भूमिती नंतर केली तरी चालेल. रोज दोन तास नियमाने दिले तर सहा-आठ महिन्यांत हे होण्यासारखे आहे. तू गुजराती माध्यमातली आहेस, तेव्हा पहिल्या दिवसापासून एनसीईआरटीची इंग्रजी पुस्तके घे आणि विधेय (फल), श्रेणिक (मॅट्रिक्स), संभावना (संभाव्यता) या कल्पना इंग्रजी शब्दांत बोलायची सवय कर. महाराजा सयाजीराव विद्यापीठात काय किंवा आयआयटीत काय, शिकवणे इंग्रजीत असते, आणि शाब्दिक उदाहरण भाषेमुळे सुटले नाही तर ते फार जिव्हारी लागते.

तुझे जीवशास्त्रही वाया गेलेले नाही. औषधांच्या चाचण्या, जनुकांची माहिती, सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांत संख्याशास्त्र आणि जीवशास्त्र दोन्ही जाणणारी माणसे कमी मिळतात.

*

मुलगी सीबीएसईच्या नववीत आहे, पुढे अर्थशास्त्र घ्यायचे म्हणते. शाळेने दहावीच्या बोर्डासाठी गणित ‘स्टँडर्ड’ की ‘बेसिक’ ते विचारले आहे. अर्थशास्त्राला गणित कशाला, बेसिक घेऊन टाकू, असे तिचे मत. – श्री. र. ना. ज., अलकापुरी

श्री. ज., तिला स्टँडर्डच घ्यायला सांगा. २०२० च्या बोर्ड परीक्षेपासून हे दोन स्तर आले. पुस्तक आणि अभ्यासक्रम दोन्हींना तोच आहे, शिकवणेही एकाच वर्गात होते. फरक प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यात आहे. बेसिक हा स्तर, ज्यांना पुढे गणित घ्यायचेच नाही त्यांच्यासाठी योजलेला आहे. बेसिक देऊन अकरावीला गणित घेण्याबाबतचे नियम मधल्या काळात शिथिल झाले, पण त्या सवलतीवर मुलीचे भवितव्य टांगून ठेवण्याचे कारण नाही.

अर्थशास्त्राला गणित लागत नाही हा समज जुना आहे आणि त्याने अनेक मुलांचे नुकसान केले आहे. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला बारावीत गणित असणे आणि सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर देणे आवश्यक आहे. जिथे प्रवेशाला गणित मागत नाहीत तिथेही दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात विकलन आणि मॅट्रिक्स येतातच, आणि एम.ए. अर्थशास्त्राच्या चांगल्या संस्थांच्या प्रवेश परीक्षा तर मोठ्या प्रमाणात गणिताच्याच असतात. अकरावीला तिला विज्ञान नको असेल तर सीबीएसईचा ॲप्लाइड मॅथेमॅटिक्स हा विषय पाहा. वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांसाठी तो २०२०-२१ पासून आहे. मात्र तो नेहमीच्या गणिताच्या जागी कुठे चालतो आणि कुठे नाही हे विद्यापीठागणिक बदलते. शाळेत दोन्ही विषय असतील आणि मुलीला झेपत असेल, तर मी नेहमीचे गणित निवडीन.

*

मॅडम, मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय गणित. नव्या शिक्षण धोरणात चौथे वर्ष करावे की तीन वर्षांनी पदवी घेऊन एम.एस्सी.ला जावे, ते ठरत नाही. दुसरी अडचण म्हणजे रिअल ॲनालिसिसचा एक पेपर माझा राहिला आहे. त्याच्या पुढच्या पेपरला बसू देतात, पण वर्गात काही समजत नाही. – नि. प., फतेगंज

नि., पहिल्या प्रश्नासाठी आधी थोडे आकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट्स लागतात. त्यांपैकी निम्मी, म्हणजे अनुक्रमे ६० आणि ८०, मुख्य विषयाची असावीत. बाकीची गौण विषय, भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण आणि इंटर्नशिप यांत विभागलेली आहेत. ही किमान मर्यादा आहे. तुझ्या विद्यापीठाची बेरीज याहून जास्त असू शकते, म्हणून प्रत्येक गटातली आपली जमा त्यांच्या पत्रकाशी ताडून पाहा. एकूण आकडा पुरा होतो आणि एखाद्या गटात दोन क्रेडिट्स कमी निघतात, ही गोष्ट शेवटच्या सत्रात कळली तर फार मनस्ताप होतो. कमी पडत असतील तर स्वयम् या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरचे विषय, विद्यापीठ मान्य करीत असेल तर, उपयोगी पडतात.

चौथ्या वर्षात संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिट्सचा शोधप्रकल्प करावा लागतो. ते नसेल तर प्रकल्पाऐवजी तेवढ्याच क्रेडिट्सचे विषय घेऊन ऑनर्स करता येते. चार वर्षांनंतर एम.एस्सी. एका वर्षाची, तीन वर्षांनंतर दोन वर्षांची. काळाचा हिशेब सारखाच. २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.साठीही पात्र होता येते. तरीही माझे मत असे की चौथे वर्ष तिथेच करावे जिथे विभागात ते शिकवायला माणसे आहेत. तुझ्या कॉलेजात चौथ्या वर्षाला टोपॉलॉजी, ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा कोण शिकवणार आणि प्रकल्पाला मार्गदर्शक कोण, हे विचार. नावे मिळाली नाहीत तर तीन वर्षांनी बाहेर पड आणि आयआयटी जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी कर. तिचा गणिताचा अभ्यासक्रम रिअल ॲनालिसिस, बहुचल कॅल्क्युलस व डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनिअर अल्जिब्रा आणि अल्जिब्रा एवढाच आहे, आणि तो नीट केला तर तुझी बी.एस्सी.च पक्की होते.

आता दुसऱ्या अडचणीकडे येते, कारण माझ्या मते खरा प्रश्न तो आहे. पहिल्या पत्रातल्या, अमेरिकेला निघालेल्या मुलाला आधीचा विषय पुरा झाल्याशिवाय पुढच्याची नोंदणीच मिळणार नाही. आपल्याकडे एटीकेटीवर पुढच्या सत्रात जाता येते आणि संगणक कुणाला अडवत नाही. त्यात एक वर्ष वाचते, पण आधीचा विषय समजला आहे की नाही हे पाहण्याची सगळी जबाबदारी विद्यार्थ्यावर येऊन पडते, आणि त्याला ती कुणी सांगितलेली नसते. रिअल ॲनालिसिसपुरते हे फार घातक आहे. श्रेणीची (सिरीजची) अभिसारिता, सातत्य, एकसमान सातत्य हे हातात नसेल तर कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, मेट्रिक स्पेसेस यांतली सिद्धता वाचताना प्रत्येक ओळीला ठेच लागते. तुला वर्गात काही समजत नाही, याचे कारण बुद्धीत शोधू नकोस.

पुढच्या पेपरचे वर्ग सोडू नकोस, पण येते सहा आठवडे घरचा सगळा वेळ मागच्या पेपरला दे. सुरुवात एकाच गोष्टीपासून कर. १, एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश ही क्रमिका शून्याकडे जाते, हे व्याख्येवरून स्वतःच्या शब्दांत सिद्ध करून लिही. कुणी कितीही लहान धन संख्या दिली तरी कितव्या पदापासून पुढची सगळी पदे त्याहून लहान होतात, ते पद शोधून दाखवायचे आहे. दिलेली संख्या एक शतांश असेल तर एकशेएकाव्या पदापासून; मग कोणत्याही संख्येसाठी ते कसे सांगायचे? हे लिहून होईपर्यंत पुस्तक पुढे उलटू नकोस. पाठ केलेली व्याख्या परीक्षेत लिहिणे आणि ती वापरून असे एखादे पद शोधून काढणे यांत जे अंतर आहे, त्यातच तुझा पेपर राहिला असावा. राहिलेल्या पेपरची उत्तरपत्रिका पाहायला मिळत असेल तर अर्ज करून पाहा, आणि ज्या प्रश्नांत गुण गेले तेवढे घेऊन विभागातल्या शिक्षकांकडे जा. आधी लिहून आणलेला प्रश्न घेऊन दाराशी आलेल्या विद्यार्थ्याला परत पाठवणारा गणिताचा शिक्षक मी पाहिलेला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी एमटीटीएस या चार आठवड्यांच्या गणित शिबिराची माहिती काढ. १९९३ पासून ते देशभर चालते आणि तिथे ॲनालिसिस व्याख्यानाने शिकवत नाहीत, विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेतात. अर्ज बऱ्याच आधी मागवतात, तेव्हा परीक्षेच्या गडबडीत तारीख चुकवू नकोस. अर्जासाठी शिक्षकांचे शिफारसपत्र लागले तर उत्तरपत्रिका घेऊन ज्यांच्याकडे जाशील त्यांनाच विचार.